धुतलेल्या कोंबड्या

"बाई, ह्या त फारमातल्या दिसून राह्यल्या," म्हणत आणखी एक गिऱ्हाईक उठलं, तशी शालू रडकुंडीला आली.

"घरच्याच हायेत जी! उकिरड्यावर चरतेत."

"मंग इतक्या चकचकीत कायच्या?"

नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात गावरान कोंबडी म्हटली की ती अंगाला माती लागलेली, पिसं विस्कटलेली, नजरेत भांडण असलेलीच हवी. शालूला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच? तिचा जन्म कोंबड्यांत गेला होता. पण कुक्कुटपालनाचं प्रशिक्षण द्यायला आलेल्या रश्मी मॅडम म्हणाल्या, स्वच्छता ठेवा, गिऱ्हाईक थांबतं. त्या बोलल्या टोपलीबद्दल आणि या बाईने सकाळी कोंबड्यांनाच शाम्पू लावला. हौस तरी किती! एकेकीला पदराने पुसलंसुद्धा.

आणि ते आजच नडलं. निघताना नवऱ्याने, नागसेनने बजावलं होतं, "आज नाई खपल्या, त उद्या कोंबड्या नेनाऱ्या गाडीवाल्याले बलावतो. सगळ्या देऊन टाकतो. रोजची कटकट नाई पायजे मले." म्हणजे खुराडं कायमचं रिकामं. त्या घरात शालूचं म्हणावं असं तेवढंच होतं.

उन्हं उतरली तेव्हा नत्थुजी आले. त्यांच्याकडे जावई यायचा होता. त्यांनी टोपलीत हात घातला आणि थेट लालीलाच उचललं. लाली म्हातारी. बाकीच्या सगळ्या तिच्याच पंखाखाली वाढलेल्या. ती सोबत असली की त्या गुमान बसतात, म्हणून शालू तिला आणायची, विकायला नाही. सकाळी आंघोळीला हाती न लागलेली तेवढी ती एकटीच.

"हे खरी गावरान! हेच द्या."

"ते म्हातारी हाये जी. ह्या कवळ्या न्या ना. तिच्याच पोरी हायेत सगळ्या."

"असतीन. पन घरचे मानतीन काय? शिजायले येळ लागन, लागू द्या. रस्सा असली होईन."

एक तरी खपली म्हटल्यावर नागसेन ऐकेल, या वेड्या आशेने शालूने लालीचे पाय बांधून दिले. देताना तिच्याकडे पाहायचं मात्र तिने टाळलं.

नागसेनने घरी टोपलीत डोकावून पाहिलं आणि लगेच गाडीवाल्याला फोन लावला.

अंगणात सोडल्याबरोबर कोंबड्या चुलीच्या राखेत मनसोक्त लोळल्या आणि बघता बघता अस्सल गावरान दिसायला लागल्या. शालूला हसू आलं, आणि मग रडू आवरेना.

अंधार पडत आला तरी एकही खुराड्यात शिरेना. रोज पुढे लाली जायची, मागून या सगळ्या. शेवटी शालू खुराड्याच्या दाराशी ओणवी झाली आणि हलक्या आवाजात लालीसारखं कुक-कुक करू लागली. लालीचाच आवाज समजून एकेक कोंबडी मुकाट्याने आत गेली. शालूने बाहेरून फळी लावली.