खंडेनवमीचा लाल दिवा

मला एक सवत हाय. चार चाकांची. आमचं मालक, लालासाहेब, मिल्ट्रीतनं पेन्शनीवर आले आन् एका डाक्तरानं वापरून सोडलेली जुनी मोटार घिऊन तासगावात टॅक्सी म्हनून लावली. फौजंत डायवर व्हते, तवा गाडीम्होरं मानसाची किंमत न्हाई. मला कवा 'जेवलीस का' म्हनून इचारलं न्हाई, पन गाडीला रोज सकाळी इचारनार, तेल हाय का, पानी हाय का.

त्या गाडीत डायवरच्या म्होरं एक बारका लाल दिवा हाय. चावी फिरवली की लागतो, इंजान सुरू झालं की इझतो. चालत्या गाडीत लागला, तर इंजानाला तेल मिळंना असं समजायचं आन् जाग्याव उभं ऱ्हायाचं. ह्यो मालकांचा कायदा. देव आडवा आला तरी मोडायचे न्हाईत.

तर एकाहत्तर सालची खंडेनवमी. आमचा नाथाजी बापासारखाच फौजंत, बेळगावला. हिकडं त्येची बायको अंजना बाळंत झालेली. पोरगी झाली, पन बापानं आजून तिचं तोंड बघितलं न्हवतं. दसऱ्याला रजा घिऊन येतो, मग बारसं करू, असं ठरलेलं. पाळना सुदिक मागून आनून ठेवला व्हता. नवमीच्या सकाळी शेजारच्या गावचा एक पेन्शनीवरचा फौजी, बेळगावास्नं परतलेला, सायकलीवरनं निरोप घिऊन आला. समद्यांच्या रजा रद्द झाल्या. नाथाजीची आगीनगाडी दुपारी मिरजंत थोडा येळ थांबंल, फुडं कुठं जायाची ते कुनी सांगत न्हाई. पोरीला घिऊन टेशनाव या, एवढंच त्येनं म्हनलं व्हतं. अंजना आत गेली आन् पोरीला नवं टोपडं घालून भाईर आली.

आता खंडेनवमीला आमच्याकडं समदी हत्यारं धुऊन पुसून देवाम्होरं मांडत्यात. खुरपं म्हना, विळा म्हना, सुताराचा वाकस म्हना. हळदकुक्कू लावायचं, आन् मग त्या दिवशी हत्याराला हात लावायचा न्हाई. मालक गाडी बी हलवत न्हवते. पन पोरापायी तेवढं मोडलं. म्हनले, पूजा करून लगेच निघू. म्या म्हनलं, नारळ चाकाम्होरं फोडा आन् चला. ऐकत्यात व्हय? इंजान म्हंजी गाडीचं काळीज म्हनं. झाकन उघडून थितंच फोडला, आन् पानी समदं इंजानाव, हळदकुक्क्यावरनं.

कुपवाडपातुर ब्येस आलो. कारखान्यांच्या वळीत शिरलो आन् लाल दिवा लागला. मालकांनी गाडी कडंला घेतली, इंजान बंद केलं, तेलाची सळी वढून बघितली. तेल तर हाय. मग म्हनले, तेल वर चढवनारा पंप गेला आसंल, आता चालवली तर इंजान जाम व्हईल. म्या लय बोलले त्येंना. सवतीच्या हातापाया पडा म्हनलं, पन चला. जागचे हलले न्हाईत. रस्त्याव एक गाडी न्हाई, समद्यांच्या हार घालून दारात उभ्या. चालत जावं तर मिरज लांब, आन् येळ चाललेला.

समोरच बिराप्पाचं गॅरेज व्हतं. बिराप्पा जतकडचा, बोलन्यात निम्मं कानडी. नवा पांढरा सदरा घालून दारात बसलेला. मागं पोत्याव समदी हत्यारं मांडलेली, झेंडूची फुलं वाहिलेली. आमचं ऐकून त्येनं हात जोडलं. आज उचलत न्हाई अक्का, म्हनला, उद्या पूजा झाली की पयलं तुमचं. माझी जीभ काय गप ऱ्हानारी न्हवं, पन त्येच्या देवाम्होरं काय बोलनार? पायरीव बसले आन् रागानं रडायला लागले. तवा त्येनं इचारलं, कुनाला गाठायचंय? म्या सांगितलं. पोरीकडं बोट केलं, म्हनलं, हिच्या बापाला.

बिराप्पानं वाकून पोरीकडं बघितलं. मग म्हनला, "आज हत्याराची सुट्टी, अक्का. पन हिच्या बापाच्या हत्याराला कुठं हाय सुट्टी? मग माझ्या पान्यानं का बसून ऱ्हावं?"

पोत्याम्होरं डोकं टेकवलं आन् कुक्कू लावलेला पाना उचलला. इंजानाच्या कडंला दिव्याची वायर जिथं जोडत्यात ते बटान त्येनं काढलं, मालकांना चावी मारायला लावली. तेलाची पिचकारी उडाली ती थेट नव्या सदऱ्याव. त्यो हसला. म्हनला, तेल चढतंय, गाडी बरी हाय, दिवा लबाड बोलतोय. मग बटान हातात घिऊन हुंगलं आन् इचारलं, नारळ कुठं फोडला? नारळाचं पानी आन् कुक्कू मिळून बटनाव नुसती राड झालेली, त्यापायीच दिवा लागलेला. आख्ख्या संसारात मालकांची मान खाली गेलेली म्या तवा पयल्यांदा बघितली. बिराप्पानं बटान पुसलं, वाळवलं, परत बसवलं. गाडी सुरू केली, दिवा इझला. सदऱ्याचं इचारायला बी येळ न्हवता. त्येनंच दार लावलं आन् म्हनला, पळा.

टेशनाव आगीनगाडी उभी व्हती. नाथाजी डब्याच्या दारात. अंजनानं पोर त्येच्या हातात दिली. पोरीनं बापाचं बोट धरलं ते सोडंना. त्येनं वाकून तिच्या कानात नाव सांगितलं, रतन. बारसं झालं म्हना की. पाळना न्हाई, घुगऱ्या न्हाईत, भवतीनं समदे फौजी उभे. मग शिट्टी झाली.

नाथाजी परत आला न्हाई. त्याच सालच्या लढाईत गेला. म्या देवाला लय शिव्या दिल्या, आजून बी देते. पन रतनला तिच्या बापानं बघितलंय, हातात घेतलंय, नाव ठेवलंय. ह्ये आमच्यापासनं कुनी काढून घेऊ शकत न्हाई. ते बिराप्पानं दिलंय. आता मालकांनी गाडी सुरू केली आन् लाल दिवा इझला की माझं हात आपसूक जोडलं जात्यात. सवत असली तरी.

दर नवमीला आमी रतनला घिऊन कुपवाडला जातो. बिराप्पाची हत्यारं तशीच पोत्याव मांडलेली असत्यात. पन त्यो एक पाना त्यात नसतो, त्यो बिराप्पाच्या खिशात असतो. म्या इचारलं व्हतं, ह्यो एकटाच भाईर का? म्हनला, "कुनाची गाडी आडली तर?"

रतन त्येच्या खिशातनं पाना काढून घेती, त्येला कुक्कू लावती, आन् परत खिशात ठेवती.