स्पीकर चालूच होता

गांधीबागेतल्या मनोहररावांच्या कापडाच्या पेढीवर त्या दिवशी दुपार झाली तरी एकही बिल निघालं नव्हतं. पहाटे वीज गेली, परत आली आणि सगळे कॉम्प्युटर एकदम रुसून बसले. ज्याच्या त्याच्या पडद्यावर तीच लाल पट्टी: लायसन्सची पडताळणी झाली नाही. बाहेर हातगाड्यांवर गठाणी अडकून पडल्या होत्या आणि मनोहररावांचा पारा चढत होता.

"यमुताई, तुमच्या सुनेले फोन लावा न लवकर!"

नूपुर ही यमुताईंच्या भावाची सून. लग्नाआधी ती इथेच, पेढीचा हिशेब लिहिणाऱ्या यमुताईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसून पेढीचे कॉम्प्युटर सांभाळायची. पोर गुणी, म्हणून यमुताईंनीच मोठ्या हौसेनं तिला आपल्या भाच्यासाठी, सुमंतसाठी मागणी घातली. लग्न झालं आणि सुमंतनं तिचं बाहेर जाणं बंद केलं. आता ती मनीषनगरच्या फ्लॅटमधूनच पेढीचे कॉम्प्युटर दुरुस्त करायची. इकडे फोन स्पीकरवर ठेवायचा आणि पडद्यावर तिचा बाण फिरताना बघत बसायचं.

त्या स्पीकरमधून पहिल्यांदा थापडेचा आवाज आला, तेव्हा बिलं करणाऱ्या स्वानंदनं चटकन आवाज बंद केला होता. सगळ्यांनी त्याला समंजस म्हटलं. मग तो रिवाजच पडला. तिकडे हात उठला की इकडे बोट बटणावर. यमुताईंनी सुनेला समजावलंही होतं, "नमतं घे वं. तापट आहे, पण मनाचा चांगला आहे." असले चांगले लोक आपण घरोघरी पोसतो, आणि वर त्यांचं कौतुकही करतो.

"आत्या, सर्व्हरची तारीख मागे गेली आहे, म्हणून लायसन्स जुळून नाही राहिलं," नूपुर म्हणाली. "मी तारीख बदलली. स्वानंद, आता 'पुन्हा तपासा' असं दिसते ना, ते दाब."

"दाबलं, मॅडम. तुमच्याशिवाय आमचं काही खरं नाही."

नूपुर हसली. तेवढ्यात तिकडे दार आपटलं.

"कोणाशी हसून राहिली वं?" सुमंतचा आवाज.

"पेढीतला स्वानंद आहे. आत्याही आहेत फोनवर, त्यांना विचारा..."

फाडकन आवाज आला. खुर्ची कोलमडली. स्वानंदचं बोट सवयीनं बटणाकडे गेलं आणि यमुताईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं. आज पोरीनं त्यांचं नाव घेतलं होतं.

"आत्या! कानाला नका मारू... आत्या!"

टेबलावर डोकं आपटल्याचा आवाज. परत एकदा. पडद्यावरचा बाण सैरावैरा धावला आणि एका कोपऱ्यात थांबला. मग काहीच ऐकू येईना.

लायसन्सची तपासणी मात्र चालूच होती. ती पूर्ण झाली, लाल पट्टी गेली आणि प्रिंटरनं पहिलं बिल बाहेर टाकलं.

"चला, झालं बुवा सुरू!" मनोहरराव म्हणाले. यमुताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते खाली बसले.

"सुमंत! मी सगळं ऐकून राहिली आहे!"

"आत्या, घरचा मामला आहे. तू मधात पडू नको."

"मी घरचीच आहे, मेल्या!"

स्वानंदला पोलिसांना फोन करायला सांगून त्यांनी ऑटो पकडला. मनीषनगरला पोचल्या तेव्हा शेजाऱ्यांची दारं बोटभर उघडी होती. त्यांना पाहताच ती लागली. मागोमाग पोलीस आले, तेव्हा कुठे सुमंतनं कडी काढली. नूपुर टेबलाखाली पडली होती. तुटलेला हेडफोन गळ्यात तसाच, आणि डाव्या कानातून रक्त मानेवर ओघळलेलं. यमुताई खाली बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ढसाढसा रडल्या.

ती वाचली. कानाचा पडदा मात्र फाटला होता आणि आतली नसही दुखावली होती. त्या कानानं आता ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

भावाचा फोन आला. "यमू, घरची होऊन तूच तक्रार देतं? समाजात तोंड कसं दाखवू मी?"

"मले नको दाखवू," म्हणून यमुताईंनी फोन ठेवला.

ठाण्यात साहेबांनी विचारलं, "आधीही मारत होता का? कोणी ऐकलं होतं?"

"सगळ्या पेढीनं. ऐकू येऊ नाही म्हणून आम्ही स्पीकर बंद करत होतो, तेही लिहा." यमुताईंनी पदरानं डोळे पुसले. "तिचा एक कान गेला, साहेब. आमचे तर दोन्ही शाबूत होते."