मागच्या दारचा सण

नाताळ चार दिवसांवर आला आणि कडूबा मास्तरांच्या घरात एक मोठाच पेच उभा राहिला. पिशोरहून त्यांची आई आली होती, आणि ती उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हती.

रुसवाफुगवा काही नव्हता. निजाम सरकारचा अंमल होता तेव्हाची ही गोष्ट. औरंगाबादच्या छावणीजवळ एका गल्लीत मास्तरांचं दोन खोल्यांचं घर होतं. मिशनच्या शाळेत ते शिकवत. मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन भाषांच्या लिप्या त्यांच्या हाताला सारख्याच वळणदार होत्या, आणि गल्लीतली लहानथोर मंडळी त्यांना मास्तरसाहेब म्हणत. त्यांचे वडील सांडूबाबा त्या पावसाळ्यात वारले. भागूबाई पिशोरला एकट्या पडल्या. "माय, यंदाचा नाताळ आमच्याकडं कर आणि मग इथंच राहा," असं मास्तरांनी तीनदा लिहिलं. तिसऱ्या पत्रानंतर म्हातारीचा निरोप आला, "सणापुरती येते. पुढचं पुढं बघू."

तर कन्नडपर्यंत बैलगाडीनं आणि तिथून मोटारीनं, हाडं खिळखिळी करून घेत भागूबाई आल्या. दारात कागदी चांदणी टांगली होती. तिच्याकडे त्यांनी कौतुकानं पाहिलं, गाठोडं खाली ठेवलं आणि उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून मातीवरच बसल्या.

दहा वर्षांची नात आवडा धावत आली. "आजी, इथं काय बसलीस? आपलंच घर आहे हे."

"व्हय गं बाई, मला म्हाईत हाय. पन मह्या पायाला म्हाईत नाय ना."

गावकुसाबाहेर जन्म गेलेला. पंचवीस वर्षांपूर्वी भागूबाई आणि सांडूबाबांनी पाद्रीसाहेबांच्या हातून बाप्तिस्मा घेतला, देव बदलला. पण पिशोरच्या लोकांनी त्यांची बसायची जागा बदलली नाही. कोणाच्याही दारात गेलं की बाहेर, खाली, अंग चोरून बसायचं. साठ वर्षं पायांना हेच वळण लागलं होतं.

पुढं जे झालं त्यानं सुनेच्या काळजाचं पाणी झालं. वच्छलाबाईंनी कौतुकानं बेसनाचे दोन लाडू बशीत घालून आणले, आणि सासूबाईंनी ते पाहताच काय करावं? चटकन पदर पसरला आणि मान खाली घातली!

"आत्याबाई, हे काय करताय?"

भागूबाई भानावर आल्या आणि ओशाळून हसल्या. "चुकलं बाई. सन म्हनलं की हात आपोआप पदराला जातो."

सणाच्या दिवशी गावातल्या दारोदारी जायचं, पदर पसरायचा, आणि घरधनिणीनं वरून टाकायचं. हाताला पदर लागता कामा नये. जितका हात उंच, तितकी त्या घराची प्रतिष्ठा मोठी. वच्छलाबाई औरंगाबादेतच मिशनच्या वसतिगृहात वाढलेल्या. त्यांनी हे ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. त्यांनी सासूचे दोन्ही हात धरले, तिला आत आणलं, खाटेवर बसवलं आणि लाडू स्वतः भरवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी ही हकिगत शेजारच्या कमरुन्निसा भाभींना सांगताना वच्छलाबाईंनी पुन्हा डोळ्यांना पदर लावला. "माणसाला माणूस असं वरून टाकतं! हात कसे धजतात हो?" भाभींनी कानाला हात लावला आणि भिंतीपलीकडूनच हाक दिली, "अम्मा, शाम कू हमारे घर चाय पीने आओ. हौ बोलो!" भागूबाई हौ म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्या पहिल्यांदाच परक्या घरात सतरंजीवर बसून, घरच्यांच्याच कपात चहा प्यायल्या. परत आल्या तेव्हा चालण्यात काही वेगळाच ताठा होता. आवडानं तो बरोबर ओळखला. "आजी, आता पायांना कळलं ना?" तिनं विचारलं. "कळाया लागलंय," म्हातारी म्हणाली.

नाताळच्या सकाळी चर्च भरून गेलं होतं. पाळकसाहेबांच्या उपदेशानंतर मास्तर चार शब्द बोलायला उभे राहिले, आणि ते बोलले ते थेट आपल्या आईविषयी. गव्हाणीत जन्मलेल्या बाळाचा सण आपण करतो, पण ज्यांना आजही उंबऱ्याबाहेर बसवतात त्यांचा सण कोण करणार, असं त्यांनी विचारलं. पदराची गोष्ट सांगितली. बाकावर बसलेल्या बायका डोळे पुसू लागल्या. भागूबाई पुढच्याच रांगेत होत्या. लोकांनी माना उंचावून त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्या लाजल्या नाहीत. त्यांनी मान वर ठेवली. त्यांच्या पोरानं सगळ्या सभेला रडवलं होतं, आणि तेही त्यांचं नाव घेऊन.

मंडळीतले वजनदार गृहस्थ नानासाहेब बाहेर आल्यावर हात जोडून म्हणाले, "भागूबाई, तुमच्या कडूबानं आज डोळ्यांत पाणी आणलं."

"कडूच हाय तो," म्हातारी म्हणाली. "आधीची तीन लेकरं देवानं नेली. हे तरी त्याला गोड लागू नये म्हनून कडूबा ठिवलं."

नानासाहेब पोट धरून हसले. मास्तरांची छाती फुगली. घरी येताना त्यांनी विचारलं, "मग काय माय, राहणार ना इथं?" भागूबाई म्हणाल्या, "आसं घर सोडून कुठं जाऊ रं आता?" मास्तरांना आणखी काय हवं होतं? वडिलांच्या शेवटच्या आजारात त्यांना पिशोर गाठता आलं नव्हतं. ते शल्य आईला जवळ ठेवूनच थोडं निवणार होतं.

घरात मटणाचा रस्सा उकळत होता. ताटं मांडायची वेळ झाली तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. मागच्या बोळातून रोज संडास साफ करायला येणारी सरूबाई सणाचं मागायला आली होती. वच्छलाबाई लगबगीनं करंज्यांचा डबा घेऊन गेल्या. म्हातारी चुलीजवळ बसली होती. तिथून मागचं दार सरळ दिसत होतं.

सरूबाईनं बोळात उभं राहून पदर पसरला. वच्छलाबाईंनी दाराच्या पायरीवरून, हात चांगला उंच धरून, एकेक करंजी सोडली. चौथी पदराच्या काठाला लागून खाली पडली आणि फुटली. सरूबाईनं ती मातीतून उचलली, फुंकर मारली आणि बाकीच्यांत ठेवली. वच्छलाबाई "जपून" एवढंच म्हणाल्या. त्या आत वळल्या तर सासू उठून उभी होती.

भागूबाई पुढच्या खोलीत गेल्या, खुंटीवरचं लुगडं काढलं आणि गाठोडं बांधायला बसल्या.

मास्तर धावत आले. "माय, आजच्या दिवशी हे काय? कुणी काही बोललं का?"

"कोन काय बोललं नाय. मला मोटारीत बसवून दे. पिशोरला जाते."

"पण झालं तरी काय?"

"तुह्या मागच्या दारात पिशोर हाय रं. मंग मह्या गावचं पिशोर काय वाईट? तिथं निदान म्या पदर पसरनारी होते. इथं टाकनाऱ्याची माय म्हनून ऱ्हाऊ व्हय?"

वच्छलाबाईंचा चेहरा पांढरा पडला. आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांची आईही असंच करायची, वसतिगृहातली स्वयंपाकीणही असंच करायची. गल्लीत सगळेच असं करत. सासूच्या पदरासाठी चार दिवस रडलेल्या त्या बाईला सरूबाईचा पदर कधी दिसलाच नव्हता. वाचकहो, तिला फार बोल लावू नका. आपल्यापैकी कितीजणांना दिसतो?

मास्तरांना मात्र राग आला. खरं बोलणं अंगाला झोंबलं की शिकलेल्या माणसाला वाद आठवतो. ते म्हणाले, "माय, तू आम्हांला शिकवतेस, पण पिशोरला तू काय करत होतीस? आपल्या पलीकडं राहणारी, आपल्याहून खालची मानलेली द्वारकाबाई पाणी मागायला यायची तेव्हा तू तिला आपल्या घागरीला हात लावू दिलास का? वरूनच तिच्या ओंजळीत ओतायचीस. मी लहान होतो, पण माझ्या लक्षात आहे."

गाठोड्याची गाठ मारणारे हात थांबले. आवडा दाराला धरून उभी होती.

"नाय दिला," भागूबाई शेवटी म्हणाल्या. "खरं हाय तुहं. लोकं मला खाली बसवायची, आन् म्या तिला मह्या खाली बसवायची. तेवढ्यानंच मला वाटायचं का म्या कुनीतरी हाय. तीस वर्सं शेजारी ऱ्हायली ती, पन मह्या हातून तिच्या हातात तांब्या गेला नाय." त्यांनी डोळे पुसले. "आता तिची माफी मागाया पिशोरला जाईन तव्हा जाईन. पन मागच्या दारातली अजून गेली नाय ना?"

म्हातारी उठली आणि तरातरा मागच्या दाराशी गेली. सरूबाई बोळाच्या टोकाला पोचली होती. भागूबाईंनी हाक मारली, "ए बाई, माघारी ये. जेवाया बस आमच्यासंगं."

सरूबाई परत आली, पायरीशी थांबली, आणि तिनं जे उत्तर दिलं त्यानं मास्तर नवराबायको अवाक झाले. ती म्हणाली, "जेवायला नाय बसायची मी. आमच्यात तुमच्या हातचं शिजलेलं खात नायीत. कोरडं चालतं."

वच्छलाबाईंना तर आपण काय ऐकतो तेच कळेना. ज्या बाईला आपल्या डब्याचा स्पर्श होऊ नये म्हणून त्या जपत होत्या, ती बाई त्यांच्या भाताचा विटाळ मानत होती! भागूबाई मात्र मोठ्यानं हसल्या, इतक्या की त्यांना भिंत धरावी लागली.

"घे! आपन समद्याच सारख्या," त्या म्हणाल्या. "परत्येकीला तिच्या खाली कुनीतरी लागतं. बरं, तू मह्या हातचं खाऊ नको. म्या तुह्या हातचं पानी पिते. आत ये, त्या रांजनातून तांब्या भर आन् दे मला. लई तहान लागली."

सरूबाईनं हे चेष्टेवारी नेलं. मग म्हातारीचा चेहरा पाहिला आणि तिला कळलं की ही चेष्टा नाही. तिनं वच्छलाबाईंकडे पाहिलं. रांजण त्यांचा, घर त्यांचं. त्या रांजणातलं पाणी आजवर त्यांनी सरूबाईला लांबूनही दाखवलं नव्हतं. सासूचं गाठोडं पुढच्या खोलीत अर्धवट बांधलेलं पडलं होतं, आणि आता सगळं त्यांच्या एका शब्दावर होतं.

वच्छलाबाईंनी खाली पाहिलं. मग त्या दारातून बाजूला झाल्या. "या सरूबाई," त्या हळूच म्हणाल्या. "तांब्या तिथंच कोनाड्यात आहे. घ्या."

सात वर्षं ती बाई त्या बोळात येत होती. तिला 'या' असं या घरानं पहिल्यांदाच म्हटलं होतं. सरूबाईनं करंज्यांची पदरात गाठ मारली, पाय पुसले, हात धुतले, रांजणाचं झाकण काढलं आणि तांब्या भरला. भरताना थोडं पाणी सांडलंही. भागूबाईंनी तिच्या हातातून तांब्या घेतला आणि सगळा रिकामा केला.

"आता बोल," त्या म्हणाल्या.

सरूबाई पदर खोचत म्हणाली, "एवढ्या म्हाताऱ्या बाईनं रीत मोडली, तर मी काहून मागं ऱ्हाऊ? वाढा. पण लवकर वाढा, अजून चार घरं ऱ्हायलीत माझी."

चटईवर पाच ताटं मांडली गेली. मास्तरांच्या शेजारी भागूबाई, भागूबाईंच्या शेजारी सरूबाई. रस्सा थोडा तिखट झाला होता आणि सरूबाईनं तसं तोंडावर सांगितलंही.

पुढच्या रविवारी मास्तर चर्चमध्ये पुन्हा बोलायला उभे राहिले. "गेल्या खेपेला मी पिशोरच्या लोकांचं वागणं सांगितलं," ते म्हणाले. "आज माझ्या घरचं सांगतो." आणि त्यांनी मागच्या दारात घडलेलं सगळं, काहीही न लपवता, बायकोची संमती घेऊन सांगितलं. या वेळी कोणी रडलं नाही. काहींनी माना खाली घातल्या, काही उठून गेले. नानासाहेब दारात भेटले, पण त्यांनी हात जोडले नाहीत. घरी येताना मास्तर खिन्न होते.

"माय, आज कुणाला आवडलं नाही बोलणं."

"दुसऱ्याचं पाप ऐकताना समद्यांनाच रडू येतं रं. आज तू त्यांना त्यांचं दाखवलं." भागूबाईंनी लेकाच्या पाठीवर हात ठेवला. "त्या दिवशी लोकांनी तुहं कौतुक केलं तव्हा मला बरं वाटलं व्हतं. आज तू घरचं झाकून नाय ठिवलंस, तव्हा मही मान वर झाली. पिशोरला चिठ्ठी लिही. म्हनाव म्हातारी लेकापाशी ऱ्हायली. उन्हाळ्यात येईन, द्वारकाबाईला भेटाया."

त्या गल्लीत पुढच्या सणाला आणखी तीन घरांनी सरूबाईला पुढच्या दारानं बोलावलं. तीन म्हणजे फार नव्हेत. पण भागूबाई ते भेटेल त्याला अभिमानानं सांगत.

मित्रहो, आपल्याला कोणी खाली बसवलं ते आपण जन्मभर विसरत नाही, आणि विसरूही नये. पण त्याच वेळी आपण कोणाला खाली बसवतो आहोत, हे ज्याला दिसलं आणि ते ज्यानं आपल्या हातांनी बदललं, त्याच्याच घरी सण खऱ्या अर्थानं साजरा झाला असं समजावं.