मागच्या जीपची बॅटरी

मोटरहोमच्या मागे जीप ओढत न्यायची, तर स्टिअरिंग मोकळं राहावं म्हणून तिची किल्ली ऑन ठेवावी लागते आणि मुक्कामी पोचेपर्यंत बॅटरी खलास होते. म्हणून मी इथे आखातात, मुसफ्फाच्या वर्कशॉपमधून मोटरहोमपासून जीपपर्यंत चार्जिंगची वायर टाकून घेतली. इथल्या नॅशनल डेच्या सुट्टीत लिवाच्या वाळवंटात जाताना रस्ताभर मी आईला आणि बायकोला, वैभवीला, त्या वायरचंच कौतुक ऐकवत होतो.

वाळूत पोचलो आणि किल्ली फिरवली, तर जीप ढिम्म.

"थर्ड क्लास काम," मी करवादलो. बॉनेट उघडलं, फ्यूज काढून पुन्हा बसवले, त्या इलेक्ट्रिशियनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझी बायको शेजारी उभी राहून नखं बघत होती.

"निखिल," ती शेवटी म्हणाली, "मागच्या सीटवर छोटा फ्रिज लावलाय. सुरमई आहे त्यात."

पुण्याहून आलेली आई मार्गशीर्ष पाळते. मोटरहोमच्या फ्रिजमध्ये तिच्या दुधादह्याशेजारी मासे नकोत म्हणून वैभवीनं मला न सांगता जीपच्या सॉकेटला दुसरा फ्रिज जोडला होता. माझी वायर थेंबथेंब भरत होती आणि सुरमई घटाघटा पीत होती.

"आईंना कळलं तर?" वैभवी कुजबुजली.

आई मोटरहोमच्या पायरीवर चहा पीत बसली होती.

"मार्गशीर्ष माझा आहे, तुमचा नाही," ती म्हणाली. "आण ती इकडे, नासेल. घरून निघतानाच इथल्या फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा ठेवलाय मी."