मातेओच्या वाटणीचं

“ताई, हा लाल दोरा कशाला?”

बेआत्रीसने पुडकं हातात धरून विचारलं, तसा नयनाच्या हातातला चव देण्याचा ट्रे कलंडता कलंडता राहिला. आठवड्याच्या मधल्या दिवशी ही मेसईदहून दोह्याच्या दुकानात येईल, असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

बेआत्रीस व्हेनेझुएलाची. तिचा नवरा आणि नयनाचा शशिकांत एकाच कारखान्यात. घरं भिंतीला भिंत लागून. हळदीकुंकवाला आली आणि बायकांचं ऐकून ‘ताई’ म्हणायला शिकली. गेल्या महिन्यात तिने नयनाला अयाका शिकवल्या. मक्याच्या पिठात सारण भरायचं, केळीच्या पानात गुंडाळायचं, वर दोरा बांधायचा.

“अगं, ही तर आमच्या पातोळ्यांची बहीण!” नयना म्हणाली होती.

हसता हसता बेआत्रीसने एका अयाकेला लाल दोरा बांधला आणि तिचे डोळे भरून आले. धाकटा भाऊ, मातेओ, कामाच्या शोधात सीमेपलीकडे गेला, त्याचा पत्ता नाही. दर नाताळात आई त्याच्या वाटणीची अयाका लाल दोऱ्याने बांधून ठेवते. ती कोणी खात नाही.

नयनाने तिला जवळ घेतलं. ते खरंच मायेने. पण दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तिचे साहेब, रायगडचे तनवीर, वैतागून म्हणाले, “स्पॅनिश बोलणारं गिऱ्हाईक वाढतंय, आणि आपण काय लावतोय? मोठ्या टोप्या आणि मिरच्या! सगळेच काय मेक्सिकोचे हायत? त्यांच्या घरातलं काहीतरी आणा ना, मॅडम.”

आणि नयनाच्या तोंडून लाल दोरा निघून गेला. आधी विचारता आलं असतं. मध्ये फक्त एक भिंत होती.

आता फलकावर स्पॅनिशमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘जो दूर आहे, त्याच्यासाठी.’

“मी तुला सांगणारच होते,” नयना पुटपुटली.

“खपतात?”

“हो. खूप.”

बेआत्रीसने फलक पुन्हा वाचला. तिने चिडावं, चारचौघांत चार शब्द सुनवावेत, असं नयनाला मनापासून वाटलं.

“बरं झालं,” बेआत्रीस म्हणाली. “इतकी वर्षं आई एकटीच त्याची वाट बघत होती. आता सगळं दोहा बघेल.”

टोमणा होता की नव्हता, कळेना. तिने पुडकं जागेवर नीट ठेवलं आणि ती निघून गेली.

संध्याकाळी तनवीर खुशीत होते. “कमाल केलीत, मॅडम! आता पुढच्या महिन्यात नेपाळ्यांची माघी. यल्ला, काढा अशीच एखादी गोष्ट. ओळखीचं कोणी हाय का?”

“नाही,” नयना म्हणाली. “कोणी नाही.”

मेसईदच्या बसमध्ये हिरामायाने रोजच्यासारखी तिची जागा धरून ठेवली होती. ही नेपाळी नर्स नयनाच्याच थांब्यावर उतरायची, आणि वाटभर बोलत असायची.

“दीदी, माघी आ रही है. हमारे घर उस दिन माँ क्या करती है, पता है?”

नयनाने तिच्या हातावर हात ठेवला.

“मत बता,” ती म्हणाली. “मुझे मत बता.”

हिरामाया गोंधळली. मग, दीदी दमली असेल, असं समजून तिने आपला खांदा जरा खाली केला, नयनाला डोकं टेकता यावं म्हणून.