टॉवेलाच्या अस्तराची जाकिटे

मी एक जुनी, पायडलची शिलाई मशीन आहे. चौसाळ्यात, महामार्गालगत, कमरजहाँच्या ओसरीवर माझा मुक्काम असतो. तिच्या लग्नात मी तिच्याबरोबर धारूरहून आले, तेव्हा माझ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी बघायला बायका यायच्या. आता ती झिजली आहे, पट्टा सांधलेला आहे, आणि शेजारी विजेवरची मशीन आल्यापासून माझ्याकडे फाटके गणवेश तेवढे येतात. त्याचे मला फारसे वाटत नाही. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

मित्रांनो, गेल्या वर्षी कमरजहाँने मोबाइलवर एक छोटी मुलगी पाहिली. दूरच्या देशातल्या लढाईत तिचे घर गेले होते. थंडीत, तंबूच्या दाराशी, ती बापाचा सदरा घालून बसली होती. कमरजहाँचा धंदाच शिवणाचा. तिची नजर आधी त्या लोंबणाऱ्या बाह्यांवर गेली.

"छबुबाई, ह्या लेकरांच्या मापाचं कोन शिवत असंल?" तिने शेजारणीला विचारले.

अशा मुलांसाठी कपडे गोळा करणाऱ्या एका संस्थेची गाडी धाराशिवकडून मुंबईच्या बंदराकडे जाताना चौसाळ्यात थांबणार, असे कळले. दोघी गावात दारोदार फिरल्या. गावाने हात आखडला नाही, पण दिले काय? आहेरातले टॉवेल, टोप्या आणि ब्लाउजपीस. आमच्याकडे ही मंडळी कुणाच्या अंगाला कधी लागतच नाहीत. या लग्नातून त्या लग्नात नुसती फिरत राहतात. ढीग बघून छबुबाईने कपाळाला हात लावला.

"टोप्या घालून ती लेकरं कुनाच्या वरातीत जानार हायेत?"

"टोप्या ऱ्हाऊ द्या. टॉवेल लई कामाचे हायेत," कमरजहाँ म्हणाली.

वरून ब्लाउजपीस, आतून टॉवेलाचे अस्तर, अशी छोटी छोटी जाकिटे तिने बेतली. ते जाड थर शिवताना माझ्या सुया कडाकड मोडल्या, पायडल कुरकुरले, पण मी टीप सोडली नाही. इतक्या कौतुकाने मला कुणी कित्येक वर्षांत चालवले नव्हते.

गाडीच्या दिवशी गठ्ठे बांधून तयार होते. एवढ्यात गावचे पुढारी अमरसिंहदादा यांचा निरोप आला. गठ्ठे दादांच्या हस्ते रवाना होतील, तोवर एकही हलवायचा नाही. माझ्याच ओसरीसमोर मंडप उभा राहिला. गठ्ठे फोटोत दिसतील असे व्यासपीठावर रचले गेले. गाडी सकाळीच आली. कमरजहाँ एक गठ्ठा उचलून तिकडे निघाली, तर कार्यकर्त्यांनी तो तिच्या हातून घेऊन परत जागेवर ठेवला. ड्रायव्हर बिचारा दुपारपर्यंत थांबला.

"मावशी, जहाज न्हाई थांबत माझ्यासाठी," म्हणाला आणि गेला.

दादा उन्हं कलल्यावर आले. गाडी गेली म्हणून कार्यक्रम थोडाच थांबतो? नमनालाच घडाभर तेल गेले, मग भाषणे, मग सत्कार. सत्कारात कमरजहाँला ब्लाउजपीस मिळाला.

"भाभी, पुढच्या गाडीनं पाठवू की. घाई कावून करता?" दादा म्हणाले. ती एकेक गठ्ठा उचलून परत ओसरीवर आणू लागली. मी मात्र आतून नुसती जळत होते.

पुढची गाडी यायला वर्ष उलटले. परवा कमरजहाँने गठ्ठे सोडले आणि एकेका जाकिटाच्या बाहीची, खालच्या काठाची टीप उसवायला बसली.

"चांगलं शिवल्यालं कावून उसवता, भाभी?" छबुबाईने विचारले.

"वर्स झालं, छबुबाई. लेकरं वाढली असतील की."

लहान मुलांच्या कपड्यांत वाढीसाठी थोडे कापड आत दुमडून ठेवतात. तिने ते सगळे सोडले आणि मी त्यावर नवी टीप घातली. सुया मोडताना वाटले नव्हते इतके वाईट मला ती टीप घालताना वाटले.

उद्या गाडी येणार आहे. आणि आज सकाळपासून ओसरीसमोर पुन्हा मंडपाचे बांबू येऊन पडत आहेत. मित्रांनो, मला तेल घाला, माझा पट्टा बदला, असे मी म्हणत नाही. उद्या इकडे आलात तर आधी गाडी भरू लागा, हार नंतर घाला. त्या जाकिटांच्या आत आता सोडायला कापड उरलेले नाही.