तळपायांतली गर्मी

वर्षालीला मूल का होत नाही, याचं कारण देवकाबाईंना लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सापडलं. ते वर्षालीच्या तळपायांत होतं. सुनेच्या अंगात गर्मी आहे आणि गर्म अंगात गर्भ राहत नाही, असा त्यांचा सिद्धांत. मे महिन्यात वर्ध्याचा पारा सेहेचाळीसवर असताना एकट्या सुनेच्या अंगातली गर्मी वेगळी काढून दाखवणं हे साधं काम नव्हे. देवकाबाईंनी ते केलं होतं.

प्रयोग रोज संध्याकाळी, वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या त्यांच्या घराच्या पोर्चमध्ये चाले. साहित्य थोडंच: काशाची वाटी, चमचाभर तूप आणि सून. वर्षालीला खुर्चीवर बसवून देवकाबाई स्वतः खाली पाटावर बसत, तिच्या तळव्याला तूप चोळत आणि वाटीच्या बुडाने गोल गोल घासत. सासू सुनेचे पाय चोळते हे दृश्य इतकं दुर्मीळ, की शेजारच्या अंजूकाकू भाजी निवडायचं ताट घेऊन रोज तिथेच येऊन बसत. थोड्या वेळाने तूप काळं पडे, तळवा काळा पडे.

"पाह्य व अंजू," देवकाबाई सुनेचा पाय उचलून दाखवत. "केवढी गर्मी निंगून राह्यली! काजळीच झाली निस्ती."

"माय व!" अंजूकाकू म्हणत आणि मेथीची एक काडी मोडत.

वर्षाली रसायनशास्त्रात एम.एस्सी. होती. या माहितीचा उपयोग त्या घराला लग्नाच्या पत्रिकेपुरता झाला होता. काशात तांबं असतं, तुपाने आणि घामाने ते काळं पडतं, कुणाच्याही पायावर पडतं, हे तिने एकदा सांगून पाहिलं.

"मंग माह्ये पाय काऊन नाई होत काळे?" देवकाबाईंनी विचारलं.

त्यांचे पाय आजवर कुणी घासलेच नव्हते. पण प्रश्न बिनतोड होता.

तपासण्याही झाल्या होत्या. वर्षाली एकटीच सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन सगळ्या करून आली, सगळ्या ठीक निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी आता मिस्टरांना घेऊन या म्हणून सांगितलं. मिस्टरांचं, म्हणजे पियुषचं, बसस्टँडजवळ कृषी केंद्र. आधी खरिपाचा सीझन होता, मग रब्बीचा, मग कापसाची गडबड. शिवाय त्याला धंद्याची सवय. कुणाचं सोयाबीन उगवलं नाही तर तो काउंटरवरून ठरलेलं वाक्य टाकी, "बियाणं एक नंबर हाये भाऊ, तुमची जमीन पाह्यजो." घरातही त्याचं मत याहून वेगळं नव्हतं.

हे सगळं वर्षालीने सहन केलं असतं. पण नणंद समीक्षा नाचणगावहून माहेरी आली आणि तिने वहिनीच्या काळ्या तळव्यांचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'वहिनीची गर्मी. उपाय चालू आहे.' पियुषच्या मामा-मावशांसह समस्त नातलगांनी वर्षालीचे तळवे पाहून घेतले. काहींनी गुलकंद सुचवला. त्याच संध्याकाळी टाच घासता घासता देवकाबाई सहज म्हणाल्या, "दिवाळीपावतर पाहू. नाई तं पोराचं दुसरं पाहा लागन."

पियुष समोरच बसला होता. त्याने मोबाईलमधून मान वर काढली नाही.

वर्षालीने पाय धुतले, पुसले आणि त्याच क्षणी ठरवलं. आता ती या घराची सेवा करणार होती.

दुसऱ्या दिवशी पियुष दुकानातून आला तेव्हा पोर्चमध्ये देवकाबाई, समीक्षा, अंजूकाकू, सगळा परीक्षकवर्ग हजर होता. वर्षाली पाटावर बसली होती.

"बसा," ती म्हणाली. "दिवसभर उभे असता. पाय चोळून देते."

"माहे?"

"मग कोणाचे?"

पियुष हरखला. सिंदी मेघेत हल्ली कोणाची बायको नवऱ्याचे पाय चोळते? त्याने मोजे काढले. दिवसभर बुटात उकडलेले ते पाय पाहून वर्षालीला एखाद्या कलावंताला कोरी भिंत दिसावी तसं झालं. तूप तिने डब्याच्या तळाचं, आंबूस वास मारणारं घेतलं होतं आणि त्यात लिंबू पिळलं होतं. देवकाबाई वाटी घासून स्वच्छ करत, तिने ती मुद्दाम न घासता तशीच काळी ठेवली होती.

आधी तिने अंगठ्याने तळव्याचा मधला खोलगट भाग दाबला, मग एकेक बोट ओढून मोकळं केलं, मग टाचेच्या कडेने वाटी फिरवायला सुरुवात केली. घाई नाही. चवड्यापासून टाचेपर्यंत, टाचेपासून चवड्यापर्यंत. पियुषचे डोळे मिटले, जबडा सैल पडला, तो घोरू लागला. कोणाला इतकं सुख देताना वर्षालीला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"अगा माय!" अंजूकाकूंच्या हातून ताट सुटलं. "हे तं डांबर होय व!"

दोन्ही तळवे कढईच्या बुडासारखे झाले होते. देवकाबाई वाकून पाहत राहिल्या. सुनेच्या पायांचा काळेपणा याच्यापुढे नुसता सावळा होता.

"आई," वर्षालीने काळजीने विचारलं, "एवढी गर्मी? यांच्या अंगात?"

देवकाबाईंनी तोंड उघडलं, पण स्वतःचाच सिद्धांत आडवा आला. समीक्षा उठून आत जाऊ लागली. वर्षालीने तिला थांबवलं नाही. फोटो तिने स्वतःच काढला आणि ग्रुपवर टाकला. 'यांची गर्मी. उपाय सुरू केला आहे. आईंचे आशीर्वाद असावेत.'

देवकाबाईंचा पोरावर भारी जीव. त्यामुळे पुढचं काम वर्षालीला करावंच लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पियुषचा आंबा बंद झाला. तर्री-पोहे बंद, ठेचा बंद, रविवारचं सावजी मटण बंद. सकाळी कोहळ्याचा रस, दुपारी दुकानात सब्जाची बाटली, जेवणात दुधीभोपळा. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी खिशात सापडली तेव्हा देवकाबाई भर रस्त्यात रडल्या. संध्याकाळी वाटी होतीच. पियुषने नको म्हटलं, तर आई त्याचा पाय धरून ठेवायच्या आणि सून घासायची. सासू-सुनांत इतकं सख्य त्या घराने पाहिलं नव्हतं.

ग्रुपवरची बातमी अर्थातच ग्रुपवर राहिली नाही. अंकुश नावाचा एक शेतकरी, ज्याचं गेल्या साली सोयाबीन उगवलं नव्हतं, भर गिऱ्हाइकीत काउंटरवर आला आणि सब्जाच्या बाटलीकडे बघत म्हणाला, "मालक, बियाणं पेरायच्या आंधी ओल्या पोत्यात टाकून तपासा लागते म्हंतात. तुम्ही तपासलं काय?"

दुकान हसलं.

त्या दिवशी पियुष लवकर घरी आला. वर्षाली स्वयंपाकघरात दुधी किसत होती.

"बस कर व आता," तो म्हणाला. "आईले सांग, का हे वाटीमुळं होते म्हणून."

"वाटीमुळे होतं?"

"तूच तं सांगत होती!"

"मग माझे पाय कशाने काळे व्हायचे?"

"वाटीमुळंच," पियुष पुटपुटला.

"हे आईंना तुम्ही सांगा. सगळ्यांसमोर. नाहीतर सावंगीला चला. दोन्हीपैकी काहीही चालेल मला."

आईच्या तोंडावर आईला चूक म्हणण्याची पद्धत त्या घरात नव्हती. पियुष सावंगीला गेला.

तपासणीत कमी त्याच्यात निघाली. औषधोपचार होता, आशाही होती. डॉक्टरांनी खर्रा सोडायला सांगितला, घट्ट कपडे नकोत म्हणाले, आणि वर म्हणाले, शक्यतो शरीराला गर्मी होऊ देऊ नका.

देवकाबाईंनी एवढंच ऐकलं. "मी काय म्हणत होती? गर्मीच निंगाली ना!"

"तुमचंच खरं झालं, आई," वर्षाली म्हणाली. "फक्त पाय चुकले."

देवकाबाईंनी पदर सावरला. मग आत निघून गेल्या. दिवाळीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पण वर्षालीचं अजून भागलं नव्हतं. संध्याकाळी तिने पियुषला पोर्चमध्ये बसवलं, उजवा पाय मांडीवर घेतला.

"आता कायले? झालं ना सगळं?"

"मोबाईल काढा. ग्रुपवर लिहा."

"काय लिहू?"

"वर्षालीच्या सगळ्या तपासण्या ठीक आहेत. त्या आधीपासून ठीक होत्या आणि मला माहीत होतं. कमी माझ्यात आहे."

"मामा हायेत ग्रुपवर! मावशी हाये! दुकानातले दोन पोट्टे हायेत!"

"म्हणूनच."

तिने वाटीची कड तळव्याच्या खोलगट भागावर टेकवली आणि हळूहळू भार टाकला. पियुषने घराच्या दाराकडे पाहिलं. दारात आई उभी होती. ती आत वळली. त्याने एकेक अक्षर दाबत लिहिलं, दोनदा खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पाठवलं. वर्षालीने फोन हातात घेऊन सगळं वाचलं. 'मला माहीत होतं' हे तो विसरला होता. तिने त्याच्याकडून तेही वेगळं लिहून घेतलं.

पियुषने सुटलो म्हणून पाय ओढून घेतला.

"थांबा," वर्षाली म्हणाली, आणि तुपाचा डबा जवळ सरकवला. "डावा राहिला आहे."